पिवळी शाल झटकली तेव्हा

एल गरस
रजब महिना, शुक्रवार

रोब्ले,

सलाम. घ्यायचा असेल तर घे, नाहीतर शम्सोजवळ परत दे. दुधाच्या रिकाम्या भांड्यांबरोबर तोही ती घेऊन येईल.

तुझ्या ठाण्यावर दूध घालणारी ही एकच बाई दोन्हीकडे फिरते, म्हणून तिच्या भांड्याखालून ही चिठ्ठी. मी तिला विचारलं, रोब्ले कसा आहे? म्हणाली, वाळलाय. माझ्याबद्दल काही बोलला का? म्हणाली, दूध पातळ आहे एवढंच बोलला. बरं वाटलं. दुधात खोट काढण्याइतका जीव आहे तुझ्यात अजून.

घर ठीक आहे. आबोंची शाळा बंदच आहे. त्यांच्या लाकडी पाट्या मी दर शुक्रवारी धुते आणि भिंतीला टेकवून ठेवते. कोळशाची शाई करते, ती सुकते, पुन्हा करते. लिहायला कुणी येत नाही. विहिरीवरच्या बायका म्हणतात, काझी दिरियेच्या मुलीच्या डोक्यावर परिणाम झालाय. म्हणू देत. रिकामं बसले तर खरंच होईल.

लिबानला पुरून आलास आणि उंबऱ्यातूनच परत फिरलास, त्याला वर्ष होत आलं. मुलगा तुझा, ते खरं. पण त्याची आई गेली तेव्हा तो रांगतही नव्हता. तेव्हापासून मिसरूड फुटेपर्यंत त्याला मी वाढवला. रडायचंच होतं तर आपण दोघांनी एका चुलीपाशी बसून रडायला हवं होतं. तू बंदूक घेतलीस आणि नदीवरच्या त्या टेकडीवर जाऊन बसलास. इथे त्याच्या चपला दाराशी तशाच आहेत. मी त्यांच्या बाजूने झाडते.

चहा आणि साखर पाठव. जमल्यास ज्वारीही. एकट्या बाईला एवढी ज्वारी कशाला, असं विचारू नकोस. जिलालचे कोरडे दिवस आहेत, या दिवसांत भूक जास्त लागते.

तुझी बहीण, तुझी अबायो,
अंबरो


एल गरस
शाबानचा पहिला आठवडा

रोब्ले,

चहा पोचला. साखर पोचली. त्यांच्याबरोबर तुझा लांबड्या नूरही पोचला, जो मी मागवला नव्हता. पोतं ठेवायच्या निमित्ताने तो अंगणभर फिरला आणि दोरीवर वाळत घातलेली लुंगी बघत उभा राहिला. मी म्हटलं, आबोंची आहे. आबो जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांची लुंगी ओली कशी राहील, एवढं नूरलाही कळतं. तेव्हा त्याने तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगते.

माझ्या घरी दोन पाहुणे आहेत. नदीपलीकडचे आहेत.

हो, पलीकडचे. आता पत्र फाडू नकोस, पुढे वाच.

तुझ्या माणसांनी हगर गाव घेतलं, त्यानंतरची गोष्ट. मी टाक्यावर पाणी आणायला गेले होते. वारा असा सुटला होता की हात पुढे धरला तर दिसत नव्हता. वारा पडल्यावर मी डोक्यावरची शाल काढली आणि हात उंच करून दोनतीनदा जोरात झटकली. तीच पिवळी शाल, तू मोगादिशूहून आणली होतीस ती. झटकते तोच टाक्यापलीकडच्या काट्यांमधून एक माणूस उभा राहिला. पाठीवर म्हातारी. एक हात वर, दुसऱ्या हाताने तिचे पाय धरलेले. तो सरळ माझ्याकडे चालत आला. मी किंचाळणार होते, पण तोंडात एवढी धूळ होती की आवाज फुटला नाही.

माझ्यासमोर येऊन तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "तुम्ही शालीने बोलावलंत म्हणून आलो. आईला पाणी द्या."

मी कुणाला बोलावलं नव्हतं. मी धूळ झटकत होते. हे त्याला सांगायला मला किती वेळ लागला असता? एक श्वास. पण म्हातारीचे ओठ फाटले होते आणि माझ्या हातात भरलेलं भांडं होतं. मी पाणी दिलं. मग मागे वळून घरी चालू लागले आणि ते दोघं माझ्यामागून आले. एवढंच झालं.

म्हातारीचं नाव एब्ला. जीभ शाबूत आहे, बाकी फारसं काही शाबूत नाही. पहिल्याच सकाळी तव्यावरचे माझे अंजेरो पाहून म्हणाली, आमच्याकडे असे जाड फक्त उंटाच्या पाठीवर घालतात. मुलगा समतर, तिशीच्या आतला. गाड्या दुरुस्त करतो, चालवतो. हगरला तुमचा हल्ला झाला तेव्हा तो तिथे नव्हता. आई मागे राहिली म्हणून उलटा आला आणि धुळीत वाट चुकून आपल्या बाजूला निघाला. त्याच्याजवळ बंदूक नाही. मी झडती घेतली, हसू नकोस.

हे मी लपवलं असतं. पण तुला नूरकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं.

अंबरो


एल गरस
शाबान संपत आला

रोब्ले,

माझ्या पत्राला उत्तर म्हणून तू नूरला पाठवलंस. स्वतःच्या बहिणीला चार ओळी लिहायला तुला आबोंनी शिकवलं नव्हतं का? तुझी पाटी अजून इथे आहे, कोपऱ्याला चावलेली.

नूर अंगणात उभा राहिला, बसला नाही, आणि पाठ केल्यासारखं बोलला. "कमांडर म्हणतात, म्हातारी जाऊ दे. तिला लोखंड लागणार नाही. मुलगा आमच्या हवाली करा. बाई, पोर, म्हातारा, आजारी, मशिदीतला माणूस, शेतावरचा मजूर, यांना सोडायचं हे कमांडरनाही पाठ आहे. हा त्यातला नाही. हा त्यांची बंदुकीची गाडी चालवत होता."

मी म्हटलं, त्याला माझी अमान आहे, माझं अभय आहे.

नूर म्हणाला, "कमांडर म्हणतात, अबायोने अमान दिली नाही, धूळ झटकली. तिनेच लिहिलंय."

माझंच बोट माझ्याच डोळ्यात घातलंस. शाबास. लहानपणीही तू असाच वाद जिंकायचास, आणि मग मी तुला जमिनीवर आडवा करायचे.

आता ऐक. हा धडा आपण दोघं एकाच चटईवर बसून शिकलो. तुला झोप येत होती म्हणून आबोंनी पाण्याचा हात तुझ्या मानेवर फिरवला होता. लढाईत कुणाला हात लावायचा नाही ते सांगताना ते एकेक खडा बाजूला काढत होते. हा खडा बायकांचा, हा पोरांचा, हा म्हाताऱ्यांचा, हा देवाचं नाव घेत एकटा राहणाऱ्याचा, हा मजुरीवर आलेल्याचा. फळाचं झाड तोडायचं नाही, खायची गरज नसताना जनावर कापायचं नाही. समोर थोडेच खडे उरले, तेव्हा तू विचारलंस, मग लढायचं कुणाशी? आबो हसले आणि म्हणाले, आता तुला धडा समजला.

त्याच दिवशी त्यांनी किल्ल्याची गोष्ट सांगितली, ती तू विसरलास किंवा विसरल्याचं सोंग करतोस. खलिफा उमरच्या काळात शत्रू तटावर असायचा आणि भाषा कळायची नाही. खालच्या एखाद्याने आकाशाकडे बोट केलं आणि वरच्याने त्याचा अर्थ आपण सुरक्षित आहोत असा घेऊन तो उतरून आला, तर त्याला मारणं म्हणजे दगा. उमरने त्याला खुनाची शिक्षा ठरवली होती. बोट करणाऱ्याच्या मनात काय होतं ते विचारायचं नाही. उतरून येणाऱ्याला काय वाटलं ते विचारायचं. नाहीतर प्रत्येक दगाबाज म्हणेल, मी तर माशी हाकलत होतो.

मी धूळ झटकत होते. समतरला वाटलं, ये. तो आला. संपलं.

आणि बाईची अमान चालते का, हे नूरने मला विचारू नये. पैगंबरांच्या चुलत बहिणीने, उम्म हानीने, स्वतःच्या घरात शत्रूची माणसं ठेवली होती, तेव्हा तिचा भाऊ तलवार घेऊन दारात आला होता. पैगंबरांनी भावाचं ऐकलं नाही, तिचं ऐकलं. तो भाऊ अली होता, रोब्ले. तू अलीपेक्षा मोठा झालास का?

नूर निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, कुठली गाडी? तो दाराशी लिबानच्या चपलांकडे बघू लागला.

मी अजून समतरला विचारलेलं नाही. तो मागच्या दाराची बिजागरी बसवतोय. मला विचारायची भीती वाटते.

अंबरो


एल गरस
रमजानचा दुसरा आठवडा

रोब्ले,

विचारलं.

संध्याकाळचा उपास सोडला, खजूर खाऊन झाला, आणि मी म्हटलं, शेख बूरच्या बाजारात गोळीबार झाला तेव्हा गाडी कोण चालवत होतं? त्याचा हात पेल्यावर थांबला. एब्ला म्हणाली, पोरीची चहात साखर घालायची कंजूषी जात नाही. तिला वाटलं, बोलणं दुसरीकडे वळेल. समतरने पेला खाली ठेवला आणि म्हणाला, "गाडी मी चालवत होतो. बंदूक माझ्या हातात नव्हती. बाजारात नेणार हे मला माहीत नव्हतं. पण गाडी मी चालवत होतो."

मी विचारलं, दाराशी चपला आहेत त्या कुणाच्या, माहीत आहे? म्हणाला, आल्या दिवसापासून ओळखतो. म्हणजे चपला नाही, गेलेल्या कुणाच्या तरी असतील हे ओळखलं होतं.

मी उठून घरामागे गेले. रोब्ले, मला त्याला मारावंसं वाटलं. हे मी तुला लिहिते आहे, दुसऱ्या कुणाला नाही. तुला वाटत असेल, अबायो पुस्तकातला कायदा घेऊन बसलीय, हिला काय. घरामागे जळणाचा कोयता होता. मी त्याच्यावर हात ठेवून किती वेळ उभी होते मला माहीत नाही. लिबान त्या दिवशी त्याच बाजारात दोरखंड आणायला गेला होता. तो तरी कुठल्या खड्यातला होता? पोरातला की मजुरातला? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे सगळ्यांनीच केलं.

आणखी एक गोष्ट मी आधीच्या पत्रांत लिहिली नव्हती. टाक्यावरून घरी येताना समतर मागून म्हणाला, "एद्दो, भांडं मी घेतो." आपल्याकडे कुणीही तरुण परक्या बाईला आत्या म्हणून एद्दो म्हणतो, त्यात काही नाही. पण लिबाननंतर मला कुणी एद्दो म्हटलं नव्हतं. मी त्याला घरात आणलं ते किती आबोंच्या कायद्यामुळे आणि किती त्या एका हाकेमुळे, हे मलाच माहीत नाही. आता तोच शब्द कानात कुजतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला जेवण वाढलं नाही. एब्लाने वाढलं. तिसऱ्या दिवशी मी त्याला समोर बसवून सांगितलं, मी अमान मागे घेते. त्याने फक्त आईकडे बघितलं. मी म्हटलं, अमान मागे घेताना माणसाला आधी त्याच्या सुरक्षित जागी पोचवावं लागतं, असं कुराणात आहे. मी तुला तुझ्या माणसांत पोचवते. तिथे पाऊल ठेवलंस की माझी जबाबदारी संपली. मग तू माझा शत्रू, आणि त्यानंतर मला एद्दो म्हणायचं नाही.

तर आता तुला सांगते. उद्या सकाळी मी निघते. गाढवावर एब्ला, बाजूला समतर, पुढे मी. नदीला जायची वाट तुझ्या टेकडीखालूनच जाते. लपतछपत दुसऱ्या वाटेने जाणार नाही. तू जागेवर नसशील तर तुझ्या पोरांना सांगून ठेव. असशील तर उत्तम.

मी घाबरले आहे. हे पत्र शम्सो माझ्याआधी पोचवेल.

अंबरो


पलीकडचा काठ
रमजानचे शेवटचे दिवस

रोब्ले,

जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. तरी लिहिते, कारण तू मला काय दिसलास ते तुला माहीत नाही.

टेकडीखाली आलो तेव्हा तुझी पोरं वाटेच्या दोन्ही बाजूंना उभी होती. नूर थुंकला. आधाराला मी गाढवाच्या मानेवर हात ठेवला, गाढवाला धीर देतेय असं दाखवून. तू खाली आलास. वाळलाहेस, शम्सो खरं बोलली होती. दाढीत पांढरे आलेत. तुझा डावा पाय अजून बाहेर पडतो.

मी म्हटलं, म्हातारीला पाणी दे, प्रवासात तिला रोजा नाही. मला वाटलं, तू नूरला सांगशील. तू स्वतः डबा घेतलास आणि तिच्या तोंडाशी धरलास. एब्ला पाणी प्यायली आणि वर तुला म्हणाली, डब्याला डिझेलचा वास येतो. तुझ्या पोरांपैकी एकजण हसला आणि तू वळून बघितल्यावर गप्प झाला. समतरकडे तू पाहिलंच नाहीस. तो एका हातावर होता तुझ्यापासून. तुझी नजर त्याच्या डोक्यावरून नदीकडे लागली होती आणि गळ्याची शीर उडत होती. तेव्हा मला कळलं की त्या क्षणी कायदा पाळणं तुला जितकं जड गेलं, तितकं मला गेलं नव्हतं. मला त्या पोराने एद्दो म्हटलं होतं, त्याने भांडं उचललं होतं, बिजागरी बसवली होती. तुझ्याकडे तर फक्त लिबान होता.

मग तू बोललास. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललास. "आबोंनी शिकवलेलं मी मोडणार नाही. ने त्याला. पण परत या वाटेने येऊ नकोस, अबायो. त्याला तू अमान दिलीस. तुला कुणी दिलेली नाही."

माझं तोंड बंद झालेलं तू पहिल्यांदाच पाहिलं असशील.

नदीचं कोरडं पात्र ओलांडलं. पलीकडे त्यांची माणसं होती, त्यांच्याही बंदुका होत्या, तिथेही एक नूर होता, याच्या ओठाला चीर आहे एवढाच फरक. समतरला त्यांनी मिठ्या मारल्या. ते झाल्यावर मी त्याला म्हटलं, पोचलास. माझी अमान संपली. आणि परत वळले, आणि तेव्हा आठवलं की परत जायला मला वाट नाही. वाळूत उभी राहिले. दोन्ही काठांवरची माणसं माझ्याकडे बघत होती.

एब्ला गाढवावरूनच ओरडली, "तुझी संपली असेल. माझी आत्ता सुरू झाली. चल घरी, तुला नीट अंजेरो करायला शिकवते."

तेव्हापासून मी तिच्या झोपडीत आहे. माणसं वाईट वागत नाहीत. फार चांगली वागतात, पाहुण्यासारखी. कुणी माझ्याशी भांडत नाही. मी विनोद केला की ते एकमेकांकडे बघतात, हसायचं की नाही म्हणून. मी बोलते ते सगळं त्यांना कळतं, पण माझ्या बोलण्याला एल गरसचा हेल आहे आणि तो ऐकला की बायका क्षणभर थांबतात. त्यांचीही माणसं गेली आहेत. ती कुणी मारली ते मला विचारावं लागत नाही.

अंबरो


पलीकडचा काठ
ईदची संध्याकाळ

रोब्ले,

ईद मुबारक. आपल्या घरी आज कुणी दार उघडलं नसेल. पाट्या धुतल्या गेल्या नाहीत.

इथे मला कपडा दिला, खजूर दिले, मुलांना मला ईदचा सलाम करायला पाठवलं. सगळं रीतसर. सगळे आपापल्या घरी गेल्यावर मी काठावर जाऊन बसले. तिथून तुझी टेकडी दिसते. मी रोज सकाळी तिथे बसते. तू ठाण्यातून बाहेर येतोस, हात मागे बांधून उभा राहतोस, मग आत जातोस. पायाच्या फेकीवरून ओळखते. तू इकडे बघतोस की नाही, ते एवढ्या लांबून कळत नाही. शम्सोला विचारलं तर म्हणते, मी दूधवाली आहे, हेर नाही.

समतर परत गाडीवर गेलेला नाही. त्याच्या लोकांशी त्याचं त्यावरून वाजलंय. गावाचा पंप खोलून बसतो. मी त्याच्याशी बोलत नाही. तो रोज सलाम करतो, तो मी घेते, कारण सलाम परत करावा लागतो. त्याला माफ केलं का, असं एब्लाने विचारलं. मी म्हटलं, नाही. म्हणाली, बरं, मग डाळ निवड.

शम्सो म्हणते, माझ्यामागून डोक्यावर भांडं घेऊन ये, दूधवालीला कुणी अडवत नाही. मी नाही म्हटलं. चोरून आले तर घरी आल्यासारखं होणार नाही. आणि पात्रात पाय ठेवणाऱ्याला गोळी घालायची, असा तुझा हुकूम आहे म्हणतात. परवा एक बकरी गेली. बकरीला अमान कोण देणार!

वर डोंगराकडे ढग आहेत. नदी भरून आली की मग महिनाभर कुणालाच इकडून तिकडे जाता येणार नाही. मला इथे मरायचं नाही, रोब्ले. चांगल्या माणसांत मरणंही परक्यात मरणंच. मला लिबानच्या बाजूची जागा हवी आहे. आणि त्याच्या आधी थोडे दिवस तुझ्याशी भांडायचं आहे.

तू बरोबर बोललास. मला कुणी अमान दिलेली नाही. तू सगळ्यांसमोर शब्द बोललास, तो तुला सगळ्यांसमोर गिळता येणार नाही, हेही मला कळतं. आबोंचा मुलगा आहेस, आणि नूर बघत असतो. म्हणून तुझ्याकडून मला शब्द नको. पत्र नको. निरोपही नको.

फक्त तो किल्ल्याचा धडा आठव. मी रोज सकाळी काठावर असते.

अंबरो


पलीकडचा काठ
ईदनंतरची सकाळ

रोब्ले,

उभ्याने लिहिते आहे, अक्षर वेडंवाकडं आहे. हे पत्र शम्सोकडे देणार नाही. माझ्याच हातून मिळेल, नाहीतर माझ्या कमरेला सापडेल.

आज तू बाहेर आलास तेव्हा हातात नमाजाची चटई होती. टेकडीच्या कडेला आलास. ती दोन्ही हातांनी उंच धरलीस आणि झटकलीस. एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. तुझ्या बाजूला नूर होता. त्याने तुला काहीतरी विचारलं असावं, कारण तू त्याच्याकडे वळून चटई दाखवलीस. धूळ फार झाली, असंच म्हणाला असशील.

असेलही. या दिवसांत सगळ्याच चटया धुळीने भरतात.

एब्लाने गाठोडं बांधून दिलं, त्यात तिचे पातळ अंजेरो आहेत, तुला दाखवायला. समतर गाठोडं घेऊन काठापर्यंत आला. निघताना एद्दो म्हणाला. मी त्याला अडवलं नाही.

पिवळी शाल डोक्यावर घेतली आहे, लांबून दिसेल. तुझ्या मनात काय होतं ते मी विचारणार नाही. मला वाटलं, ये.

मी पात्रात उतरते आहे.

अंबरो